डाव्या बाजूची मॅट

सकाळी सातची वेळ मुनीरभाईंनीच ठरवली होती.
"गाडी झोपेत असताना बघायची, ताई.
मालकानं आधी चालू करून गरम ठेवली
की तिचे सगळे आजार गोड बोलतात."

सहकारनगर. बदामी वॅगन आर, दोन हजार आठची,
टपावर बुचाच्या फुलांचा सडा.
सोवनीबाई किल्ली घेऊन खाली उभ्या,
साडीवर स्वेटर, पायात बूट.
मुनीरभाईंनी नमस्कार केला आणि पहिला हात
बॉनेटवर ठेवला, पालथा,
पोराचा ताप बघावा तसा.
गार.
तिथंच निम्मा सौदा झाला, पण चेहऱ्यावर दाखवायचं नसतं.

मग ते आडवे झाले, रस्त्यावरच, पेपर पसरून.
खालून आवाज येत राहिला:
सायलेन्सर बदललाय. इथं गंज, बोटभर.
तेल गळत नाही, नुसतं घामेजलंय.
ऑइलचं झाकण उलटं करून पाहिलं;
आत पांढरं लोणी दिसलं असतं
तर आम्ही चहाही न घेता निघालो असतो.
दाराचं रबर ओढून वेल्डिंगचे ठिपके मोजले,
गोल, कारखान्यातले, एकही हाताचा नाही.
फक्त डाव्या पुढच्या दारावर चुंबक घसरला.
पुट्टी.
"पेरूगेटपाशी रिक्षा," सोवनीबाई म्हणाल्या,
"चूक माझी नव्हती. लिहून घ्या हवं तर."

मी नुसती उभी. मला गाडीतलं काही कळत नाही,
मी घरोघर जाऊन लोकांचे गुडघे वाकवते.
झिजलेलं काय बोलतं, तेवढं थोडं कळतं.
मीटर म्हणत होतं एकसष्ट हजार.
मुनीरभाईंनी मीटरकडे पाहिलंच नाही,
पेडलची रबरं पाहिली.
क्लचचं एका कडेला गुळगुळीत,
ब्रेकचं जवळजवळ नवं.
"बाई ब्रेक कमी मारतात," ते हळूच म्हणाले,

आणि डाव्या बाजूला जाऊन वाकले, तसेच थांबले.
तिथल्या मॅटला भोक पडलं होतं,
चांगलं चटणीच्या वाटीएवढं,
जिथं कुठलंच पेडल नसतं तिथं.
खालचा पत्रा चकाकत होता.
"इथं कोण काय दाबत होतं?"

"हे," सोवनीबाई म्हणाल्या.
"मी बावन्नाव्या वर्षी शिकले.
त्या दिवसापासून हे शेजारी बसून ब्रेक मारतायत.
सोळा वर्षं. सिग्नलला, खड्ड्याला, कुत्र्याला.
एकदा लकडी पुलावर एक सायकलवाला,
तो मला दिसलाही नव्हता, खरं सांगते.
मी यांचा पाय बघून दाबला."

आणि आता, हे मला विचारायचं नव्हतं,
पण विकायला काढलेल्या वस्तूभोवती तो प्रश्न घुटमळतोच.
बाईंनी हनुवटीनं वर दाखवलं.
दुसऱ्या मजल्यावर ग्रिल धरून
बंडीतले एक गृहस्थ, जाड चष्मा,
आमच्याकडे नाही, टायरांकडे बघत.
"त्यांना जिना उतरवत नाही.
आणि शेजारी कुणी नसलं की मला चालवता येत नाही,
हे मला आत्ता कळलं, अडुसष्टाव्या वर्षी."

तळजाईच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये घेतली.
क्लच जरा वर उचलतो. धूर नाही.
सपाटीवर स्टिअरिंग सोडलं
तर किंचित डावीकडे ओढते.
"अलाइनमेंट," मुनीरभाई म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "बहुतेक."

पासिंग अठ्ठावीसपर्यंत, कर्जाचा बोजा नाही.
मुनीरभाईंनी हिशेब मांडला:
टायरचे चार हजार कमी करा, पुट्टीचे दोन, मॅटचे पाचशे.
टायरचे बाईंनी केले. पुट्टीचेही, कुरकुरत.
मॅटचे नाही.
"ती चांगल्या कामात झिजलीय."

पुढच्या रविवारी गाडी आणली. मी चालवत होते.
स्वारगेटला पीएमटी आडवी आली
तेव्हा मुनीरभाईंचा पाय थेट त्या भोकात गेला.
पत्रा वाजला.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
गाडी थांबली ती माझ्यामुळे,
असं मी समजते.