कीली

सकाळी सहा चाळीसला करंट आला.
खानापूर स्टेशनमागच्या आमच्या लॅबमध्ये मी एकटी,
आणि बाहेर बाकड्यावर नऊ जण, उपाशीपोटी.

यूपीएस रात्रीच कधीतरी ओरडून ओरडून गप्प झालेला.
कॉम्प्युटरचा पंखा फिरला,
काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली
आणि तिथंच थांबली: पासवर्ड.

शब्द कसला, आख्खं वाक्य होतं ते,
दोघींत वाटलेलं.
पहिलं अर्धं शिवलीला हुद्दारचं, दुसरं माझं.
रिपोर्ट म्हणजे लोकांचं रक्त, डॉक्टर म्हणाले होते,
एकीच्या हातात नको.
तीन वर्षं ती टाईप करायची, मी कॅलेंडर बघायची.
मग मी टाईप करायची
आणि ती बाहेर जाऊन नावं लिहून घ्यायची.

सोमवारी ती बैलहोंगलला गेली, बाळंतपणाला.
तिचं अर्धं कागदावर कुठेच नाही.

फोन लावला.
"सांगणार नाही," म्हणाली, "तू मोठ्यानं परत म्हणशील.
आठव की. शटर अडकलं की मी काय म्हणते?"

एक पाय पायरीवर, दोन्ही हात हँडलला,
आणि ते तिचं शटरशी बोलणं,
निम्मी शिवी, निम्मी विनवणी, सगळं कन्नडमध्ये.
रोज ऐकत होते.
अर्थही कळत होता.
पण लिहायचं कसं, हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या घटकेला कॉम्प्युटरला कन्नड येत नाही,
मराठीही येत नाही.
दोन्ही भाषा आतल्या डिस्कवर, कुलपामागे.
दारात नुसती इंग्रजी अक्षरं, तीसुद्धा न दिसणारी:
चांदणी नाही, ठिपका नाही, कर्सर जागचा हलत नाही.
दिवा गेल्यावर ताटात घास चाचपावा, तसं टाईप करायचं.

पहिल्यांदा मी दोन एल घातले, आपल्या किल्लीसारखे.
(ते वाक्य आता बदललंय, म्हणून सांगते.)
तो दोन-तीन सेकंद विचार करत बसला. चूक.
चोराला वेळ लागावा म्हणून असं मुद्दाम बांधलंय म्हणे.
वेळ लागला तो मला.

"एकच एल," शिवलीला म्हणाली,
"तुमची किल्ली म्हणजे चावी. आमची कीली म्हणजे कुलूप."
मी हसले नाही. बाहेर भागीरथी घाडी विचारत होती,
"मशीनबी उपाशी हाय व्हय आज?"

दुसऱ्यांदा चूक. तिसऱ्यांदा बोट घसरलं.
तीन झाल्यावर तो रुसला, बंद करून पुन्हा चालू करावा लागला.
शेवटी मी डोळे मिटले
आणि शटरला हात घातल्यासारखं
एका दमात लिहून टाकलं, तिचं, मग लगेच माझं.

उघडलं.
ओळी धावायला लागल्या.
रिपोर्टची डिस्क आपसूक उघडली,
तिची चावी पहिल्या खोलीतच खुंटीला टांगलेली असते.
बॅकअपची मात्र जोडलेलीच नव्हती.
तिच्यासाठी तो दीड मिनिट थांबला,
सेकंद मोजत,
आणि मग तिच्यावाचून पुढे गेला.

"थांब," मी म्हटलं, "माझंही अर्धं तुला सांगून ठेवते,
उद्या मी नसले तर?"
"नको. पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे मला.
टाईप करताना ओठ हलतात तुझे."

मी फोन ठेवला, हातमोजे चढवले.
भागीरथी भरमा घाडी.
डावा हात द्या मावशी.
मूठ आवळा.
आणखी घट्ट.
हां, आता सोडा.