उंबरो

तिलारीच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा
तिन्ही गाड्यांच्या टायरांत अजून शिरोड्याची वाळू होती.
पुढे सतीशभावजींची कॅम्परव्हॅन,
आतून सागवान, बाहेरून हप्ते.
मध्ये डिचोलकरांचा टेम्पो, ताडपत्रीच्या छपराचा.
मागे आमची बस:
चौदा वर्षं निपाणीची पोरं शाळेत सोडून दमलेली,
लिलावात घेतलेली, निळी रंगवलेली.
तरी उन्हात तिरपं पाहिलं की रंगाखालून वर येतंच
'आसनक्षमता ३२'.
आता आम्ही चौघं, ढब्बू कुत्रा,
आणि सासूबाईंची मांजर, जिनं
सावंतवाडीपासून सगळ्यांशी अबोला धरलाय.

जागा दिली बाबल गवसांनी.
नदीकाठचा कुणगा, भात कापलेलं,
तळव्यांना टोचणारे सड.
भाडं विचारलं तर म्हणाले,
'कुत्रो बांधून ठेवा. रातचे हत्ती येतंत.'
पोरांना वाटलं, हे तिकिटातच धरलंय.

मग दुपारभर आमचा संसार बाहेर सांडत राहिला.
घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, घडीचा चुलता.
(डिचोलकरांचे काका कुठेही दुमडून झोपतात.)
दार कुठल्या बाजूला हवं यावरून
सासूबाईंनी बस तीनदा वळवायला लावली.
पाण्यात पोरं ओठ निळे होईस्तोवर,
बर्फाच्या पेटीत शिरोड्याचे बांगडे,
पेटीवर मांजर, मौन पाळून.
ढब्बूनं नदीला भुंकून पाहिलं,
नदी थांबली नाही, तसा तो माझ्या पायाशी येऊन बसला.

तिन्हीसांजेला बाबल आले, डोक्यावर चुडतांचा भारा.
फणस पारखावा तशी बसच्या अंगावर टिचकी मारली.
वाकून आत पाहिलं:
सिंक, पलंग, बोटभर फ्रिज,
डबल टेपनं चिकटवलेले देव.
'घराक चाकां,' म्हणाले. 'बरां आसा.
पण उंबरो खंय?'

आम्ही हसलो.
भावजी म्हणाले, 'पायरी आहे ना! हे बघा,'
आणि व्हॅनचं बटण दाबलं.
पायरी बाहेर आली. आत गेली.
पुन्हा दाबलं. बाहेर आली.
बाबल मान हलवत राहिले, दोन्ही वेळा.

मग नदीच्या वरच्या अंगाला हात केला,
जिथं डोंगरासारखं दिसतं पण डोंगर नाही.
'आमचां घर थंय. धरणात.
मे म्हयन्यात पाणी उतारला की जोता दिसता.'
भाकरीचा तवा करपत होता, कुणी उठेना.
'उंबरो तेवढो काढून हाडलंय. फणसाचो. खांद्यार घेवन.
हंय दिलेल्या घराचो दरवाजो ल्हान. बसलो नाय.
आता भायर ठेवलाहा. त्याच्यावर बसतंय.'

एवढं बोलून ते बांगड्यांचा भाव विचारू लागले,
आणि शिरोड्यानं आम्हाला लुटलं असं त्यांचं मत पडलं.

रात्री लांब कुठंतरी फटाके वाजले,
डबे बडवल्याचा आवाज आला.
आमच्या तीन घरांतले दिवे एकामागून एक विझले.
ढब्बू पलंगाखाली. मांजर, पहिल्यांदाच, त्याच्या शेजारी.
सगळे जागे, आणि झोपल्यासारखे श्वास घेणारे.
मी हँडब्रेक चाचपला.
कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

हत्ती आले नाहीत.
सकाळी दार उघडलं तर सासूबाई खाली, सडांत,
एवढीशी जागा हातानं साफ करून
भाकरीच्या पिठानं आडवी रेघ ओढत होत्या,
दोन टोकांना दोन टिंबं.
'उगीच आपलं,' म्हणाल्या. 'दुपारी जायचंच आहे.'

निघताना बस वळवायला जागा कमी होती.
मागचं चाक नेमकं त्यावरून गेलं.

दोडामार्गला हवा भरणारा पोरगा
टायरच्या खाचेतलं पांढरं नखानं उकरत म्हणाला,
'वाळू काय ही? खंयची?'
सासूबाई खिडकीत होत्या.
मी म्हटलं, 'शिरोड्याची,'
आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.