हजार

सुगुणा इराबत्ती रिपोर्ट उघडत नाही.
घडी तशीच माझ्या टेबलावर ठेवते
आणि विचारते, किती?

सहाशे चाळीस.

भार्गवीची दाढ, खालची, उजवीकडची,
महिनाभर मला हाका मारते आहे.
छोट्या आरशात दिसतं
पोखरलेलं घर, आत काळोख,
हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढा फोड.
दुसरं कुठलं मूल असतं तर
दहा मिनिटांचं काम होतं.
पण लढणाऱ्या पेशी हजाराच्या वर आल्याशिवाय
मी चिमट्याला हात लावायचा नाही,
असं ठरलंय माझं आणि तिच्या रक्ताच्या डॉक्टरांचं.

हजार म्हणजे किती, ते मला ठाऊक हाय, मॅडम.

असणारच. विडी घरकुलातल्या त्या ओट्यावर
रोज हजार वळायच्या,
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस.
संध्याकाळी तपासनीस बोटांनी दाबून बघतो,
ही सैल, हिचं तोंड उघडं,
शंभरेक छाट काढतो
आणि नऊशेचे पैसे देतो.
केमोबद्दल ती मला काही विचारत नाही.

एकदाच विचारलं, दाराशी, चप्पल घालता घालता.
औषध कडू लागायचं, उलटी व्हायची,
म्हणून रात्री जिभेवर साखर ठेवायची मी.
त्यानंच किडली ना?

मी म्हटलं, तोंड कोरडं पडतं, लाळ आटते,
सिरपही गोडच असतं.
सगळं खरं होतं.
साखरेचं नाव तेवढं घेतलं नाही.
तिनं मान हलवली, मला माफ केल्यासारखी.

एप्रिल. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं.
नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही पहाटे तीनला.
उकळून गार केलेल्या पाण्यात
चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ,
दिवसातून सहा चुळा.
मऊ ब्रश, तोंड आलं असेल तर नुसता कापूस.
आणि वाट बघायची.

तोवर वरच्या चार दातांना
मी चांदीचं औषध लावलं. सुई नाही, ड्रिल नाही.
कीड थांबते,
फक्त जागा काळी पडते, कायमची.
भार्गवीनं आरसा मागितला.
टक्कल, भुवया नाहीत, आणि आता हे.
मी श्वास धरून उभी.
अम्मा, ती म्हणाली, मी मिसरी लावली!
आणि शेजारच्या कुठल्याशा म्हातारीसारखी
गाल आत ओढून थुंकायची नक्कल केली.

सातशे दहा.
पाचशे नव्वद. (त्या रात्री ताप, सिव्हिलला चार दिवस.)
नऊशे साठ.
चाळीसनं काय होतंय, मॅडम?
मी म्हटलं, होतं.

एका गुरुवारी, अकराशे ऐंशी.
प्लेटलेट ब्याऐंशी हजार,
पुढच्या केमोला दहा दिवस.
सुगुणानं हात तीनदा धुतले
तरी बोटांना तंबाखूचा वास होता,
त्याच बोटांनी तिनं लेकीचं कपाळ धरलं.
भूल दिली. थांबले. हलवून पाहिली.
दाढ इतक्या निमूट आली
की मलाच खरं वाटेना.
एक टाका. कापूस दाबून
भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो तिघी,
कुणी बोललं नाही.
रक्त नवव्या मिनिटाला थांबलं.

नोप्पी? मी विचारलं. एवढं तेलुगू मला तिनंच शिकवलंय.
लेदु, कापसाआडून.

कागदाच्या पुडीत बांधायच्या आधी
सुगुणानं दाढ उचलली, चिमटीत धरली,
दाबून बघितली उलटसुलट,
आणि तपासनिसाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली,
छाट!

भार्गवी हसली. हसू नको, टाका आहे, मी ओरडले,
तरी हसली, काळ्या चार दातांनी.

दहा दिवसांनी आकडा पुन्हा खाली जाईल.
डावीकडची एक दाढ आहे अजून, मी सांगितलेलं नाही.
कार्डावर तारीख लिहायला घेतली
तर पेन चालेना.
भार्गवीनं दप्तरातून पेन्सिल काढून दिली,
मागच्या टोकाला चावलेली.