अस्तर

प्रणिता जूनमध्ये लातूरला क्लासला गेली.
होस्टेलात ससा चालत नाही.
माझ्या वाट्याला आला पिंजरा, घासाची पेंढी,
बारीक दातांची एक फणी
आणि वहीच्या पानावरच्या सूचना:
एक, वरून हात नेऊ नका, घार वाटते त्याला.
दोन, कान धरून उचलायचं नाही, मामा काहीही म्हणो.
तीन, आंघोळ कधीच नाही.
(तशीही परळीत पाण्याची बोंबच.)
चौथी सूचना त्यानंच कुरतडलेली.

नाव तिनंच ठेवलं, अस्तर.
माझ्या कटिंगच्या टेबलाखाली
चिंध्यांत दडून बसायचा,
कात्री वाजली की आणखी आत.

तीस वर्षं कापड हाताळतोय मी.
मांजरपाट, टेरिकॉट, नवरदेवाची शेरवानी,
लव कुठल्या अंगाला निजलीय
ते डोळे मिटून सांगतो.
पण कापड कधी अंग चोरत नाही.
हा चोरतो.
बोट टेकायच्या आधीच त्याची पाठ
मशीनखालच्या फळीसारखी थरथरते.

"कामून मागं लागलाव त्याच्या?"
दैवशाला अंगठ्याला हळद लावत म्हणाली,
"ऱ्हाऊ द्या की तसंच."
पण केस गळायचे दिवस.
चाटून चाटून ते पोटात जातात, पोट बसतं,
गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले
बैलाची सुई भरता भरता.
वर थर्मलची राख.
पांढऱ्यावर दिसत नाही,
ओल्या फडक्यावर उतरते.

मग दुपारी शटर अर्धं ओढून
मी जमिनीवर बसू लागलो,
त्याच्याकडं पाठ करून.
बघायचं नाही. बोलवायचं नाही.
सफारीच्या शर्टाला काजं करत राहायचं.
नवव्या दिवशी मांडीला काहीतरी ओलं लागलं.
नाक.

हात बाजूनं, जमिनीसरपट.
फणीचा एक हात, लवेच्या दिशेनं, मग थांबायचं.
त्यानं मागचा पाय आपटला
की त्या दिवशीचं काम संपलं.
पोळ्यापर्यंत पाठ झाली.
दसऱ्याच्या आसपास मांडीजवळची गाठ,
ती मी टाके उसवतात तशी
बोटांनीच सोडवली, तंतू तंतू करून.
कात्री नाही.
कातडं अस्तराहून पातळ असतं त्याचं.
शेवटी शेवटी तो दात बारीक घासत होता,
लांबून मशीन चालावी तसा आवाज.
दुखतंय की काय, मी घाबरलो.
फोनवर ती म्हणाली, "नाही पप्पा,
ते बरं वाटल्याचं असतं,"
आणि तिथं कुणीतरी फोन मागितला.

दिवाळीला आली.
बॅग अजून दारात होती तोवर
समोरचे सोमाणी, चुलते, गॅसवाला पोरगा सुद्धा:
"टेस्टला किती पडले?"
तिचे केस मागून गुंतून गोळा झालेले.
दैवशाला तेलाची वाटी घेऊन आली,
मायेनं वरून हात नेला
आणि पोरीनं अंग चोरलं.
दोनच बोटं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

मी वाटी घेतली, फणीशेजारी खाली ठेवली.
तिच्याकडं पाठ केली.
सुईत दोरा ओवला.
लाईट गेली, पंखा थांबत थांबत थांबला.
अस्तर टेबलाखालून निघाला
आणि मधल्या फरशीवर येऊन बसला,
ना तिच्याकडं, ना माझ्याकडं.

दोन काजं झाली असतील.
"किती वेळा चावला तुम्हाला?"
"सात."

"मला अकरा," ती म्हणाली,
आवाजात जरा तोरा होता.