सहीची जागा

यार्डात तेव्हा एकच बार्ज होती,
आणि तिचा मालक दुरुस्तीचं बिल बघून
फोन उचलायचा बंद झालेला.
स्लिपवेवर तिचं अर्धं पोट खरवडलेलं,
अर्धं शिंपल्यांनी तसंच भरलेलं.
रासईत लोक म्हणायचे,
खांडेपारकरबाब वर्षभर पगार घेत नाहीत.
कौतुकाने म्हणायचे.
मला ते आकड्यांत माहीत होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी नोंद घालायचे:
संचालकांचा पगार, एक लाख ऐंशी हजार, नावे.
संचालकांना देय, एक लाख ऐंशी हजार, जमा.
मग बँकेत जे काही असेल ते
कायतानला आणि त्याच्या वेल्डरांना.
कधी सात तारखेला, कधी अकराला,
एकदा दोन हप्त्यांत.

एकतीस मार्चला केबिनमध्ये जाऊन सांगितलं.
बारा महिन्यांचे एकवीस लाख साठ हजार,
त्यावर कर तीन लाख अठ्ठावीस,
आगाऊ भरला नाही म्हणून व्याज वेगळं.
टीडीएस कापला नव्हता.
कापायला काही दिलंच नव्हतं.

ते हसले. "पयशे खंय आसात, सुलक्षा?"

हातात आले का, हे कायदा विचारत नाही, मी म्हटलं.
देणं लागलं की झालं.
देणं आणि घेणं, जे आधी होईल ते.

"मग सोडला म्हणून लिही.
आजची तारीख घाल. सगळा सोडला."

माझे वडील बोरीकडच्या खाजनात मानस सांभाळायचे.
एका आश्विनात फळी कुजली, रात्रीतून खारं पाणी शेतात.
ओहोटीला त्यांनी ते सगळं परत नदीत काढलं,
कोपऱ्यातलं डबकंसुद्धा डब्याने उपसलं.
मीठ राहिलं.
तीन वर्षं त्या तुकड्यात भाताने मान वर केली नाही.

हे मी बाबांना सांगितलं नाही.
एवढंच सांगितलं की सोडायचा तर
देय होण्याआधी सोडायचा असतो.
अकरा महिने गेले ते गेले.
मार्चचा अजून सुटेल, आज कागद केला तर.
आणि एप्रिलपासूनचा.

टाइप करायला दहा मिनिटंही लागली नाहीत.
तीन ओळी, खाली रेघ, रेघेखाली त्यांचं नाव.

त्यांनी वाचला. चष्मा काढला.
खिडकीतून बार्जकडे बघत राहिले.
"हा बँकेने पाहिला तर?"
मग बऱ्याच वेळाने,
"कायतानने पाहिला तर?"

टेबलावर एक जुना रिव्हेट असायचा,
त्यांच्या वडिलांनी ठोकलेल्या पहिल्या बार्जमधला.
तो कागदावर ठेवला
आणि जेवायला गेले.
संध्याकाळी मी मार्चची नोंद घातली.

ज्या होडीतून रविवारी गरवायला जायचे
ती इंजिनासकट विकली, बोरीच्या एका माणसाला.
पुरले नाहीत. मडगावच्या बँकेतली एफडी मोडली.
एकतीस जुलैला, विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी,
मी चलन छापून त्यांच्यापुढे ठेवलं.
त्या पगारापायी खरोखर हललेले पैसे
एवढेच.
कंपनी तो देईल
याची खात्री साऱ्या गोव्यात दोघांनाच होती,
एक सरकार,
आणि दुसरे समोर बसून
चलनाची घडी घालत होते, खिशाच्या मापाची.

बाहेर पाऊस तिरपा लागला होता,
कायतान बार्जच्या पोटाखाली स्टूल टाकून बसलेला.

तीच महिनाअखेरही होती.
पगार नावे, देय जमा, एक लाख ऐंशी हजार.
केबिनचा दिवा बंद करायला गेले तेव्हा
रिव्हेट उचलून बघितला.
दमट हवेत कागद मऊ पडलेला, अक्षरं शाबूत,
आणि सहीच्या जागी
गंजाचा एक गोल.