वाव किती

लवंगेच्या तेलाचे चार थेंब पाण्यात
आणि चोणक माझ्या तळहातांवर झोपतो,
कल्ले तेवढे उघडझाप करीत.
शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कातरते,
स्पिरिटच्या कुपीत टाकते, चिठ्ठी डकवते:
टाकी नऊ, नर, तीनशे बारा.
वास घरापर्यंत माझ्यासोबत येतो.
आई विचारते, कुणाकडे मसाला कुटून आलीस?

तळपणच्या मुखाशी, शेडमागे,
बाबा जाळं सांधत बसलेला असतो.
पिंजऱ्यांची रात्रपाळी त्याची.
तो मासा नजरेने निवडतो:
पाठ रुंद, टॉर्चमध्ये डोळा निखाऱ्यासारखा,
खाणं पडलं की सगळ्यांना ढकलून वर येणारा.
नऊ वर्षं त्याच्या त्या नजरेवर
आम्ही पिलं काढत आलो.

मग नकाशा आला.
चोवीस उभ्या रेघा,
रेघांवर खुणा, खाडीत रोवलेल्या खुंट्यांसारख्या.
इथे वाढ.
इथे कुठेतरी, अजून नक्की नाही,
गरगर फिरत मरायच्या त्या रोगाला दाद न देणं.
बाबाने कागद उलटा धरला, मग सुलटा.
"वाव किती?"

इथलं अंतर पाण्याचं नाही, बाबा.
दोन खुणा आईबापांकडून पोरांत उतरताना
किती वेळा एकमेकींचा हात सोडतात,
तेवढंच मोजायचं.
शंभरात एकदा सुटला, तर सख्ख्या शेजारणी.
पन्नासदा सुटला,
तर ओळख नव्हतीच असं धरायचं.

त्याने दातांनी दोरा तोडला.
"मग आपल्या उमाकांतचं किती भरेल?"
उमाकांत जहाजावर कुक आहे.
चवथीला फोन करतो. गेल्या चवथीला केला नाही.
मी कागदाची घडी घातली,
घडीवर घडी, उगाच.

बाकीचं त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं:
त्याने निवडलेले एकोणीसच्या एकोणीस
एकाच मादीची पिलं, नाहीतर नातवंडं.
पिंजरा दोनमधली ती.
आधी नर होती, मग मादी झाली,
चोणकाचं असंच असतं.
आता यांची आपसात जोडी लावायची नाही.
बाबा बराच वेळ हसला.
"म्हणजे मी इतकी वर्षं तिलाच बघत होतो!"
हसू थांबल्यावर मात्र
त्याने हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवली
आणि दिवसभर उचलली नाही.

आज पहाटे, भरती ओसरताना,
आग्नेलच्या मानशीवरून बादली घेऊन आला.
आत एक हडकुळा चोणक, जबडा जरा वाकडा,
एका बाजूचे खवले उडालेले.
असल्याला त्याने एरवी
मांजरापुढेही टाकलं नसतं.

"हा मला आवडलेला नाही," म्हणाला,
"म्हणून आणलाय.
विचार तुझ्या कागदाला."

त्याच्या कोपरापर्यंत चिखल होता.
मी लवंगेच्या तेलाची बाटली शोधू लागले.