केसाएवढी धार

रबाळ्याच्या शेडमध्ये मढवी
वायपरच्या पाण्याची मोटर
कार्ब्युरेटरला जोडत बसलाय.
नोझल तिसऱ्यांदा घासलेलं.

"आगीत पाणी?" मी म्हटलं.
"इझवाला नाय रं,
तिचा ताप उतरवाला."

पारसिकच्या चढाला ही गाडी
दात वाजवायची.
मागच्या रविवारी त्यानं टायमिंग दोन अंश पुढे घेतलं
आणि पाणी जरा जास्तच सोडलं:
खोकत खोकत घणसोलीच्या सिग्नलला बंद.
टोचनवाल्याचे आठशे.

आज केसाएवढी धार.
चढ लागला तसा मढवीनं रेडिओ बंद केला,
काच खाली घेतली.

ठोका नाही.
माथ्यावरही नाही.

उतरून त्यानं बाटली उन्हात धरली.
बोटभर कमी झाली होती.
"बॅटरीचा पानी हाय," म्हणाला,
"नायतर घोट मारला असता."